उघडे पडलेले पितळ

२०२४ च्या हरतालिकेच्या दिवशी रत्नागिरीच्या राम आळीत मी दोन घड्याळे घेऊन गेले होते. एक पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेले, आणि एक मनगटावर. पर्समधले अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, होते, एचएमटीचे ‘जनता’, चावीचे, अण्णा गेल्यापासून कपाटात पडून राहिलेले. मनगटावरचे माझे, दीड वर्षापूर्वी घेतलेले स्मार्टवॉच. ते कोणत्या कंपनीचे हे सांगत नाही, कारण पुढे जे घडले ते त्या जातीच्या बहुतेक घड्याळांच्या बाबतीत घडले असते. आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रीचे भारे, केवड्याचा उग्र वास, कागदी मखरे डोक्यावर धरून वाट काढणारी माणसे आणि मध्येच एखादी अडकलेली रिक्षा, या सगळ्यातून मी त्या चिंचोळ्या दुकानात शिरले. तिथे मात्र शांतता होती. घड्याळवाल्या काकांनी अण्णांच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मशीन ठणठणीत आहे. तेल सुकलंय फक्त. साफ करून ठेवतो, गौरी जेवल्या की या.” पट्टा अडकवण्यासाठी जी चार शिंगे असतात त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. तिथला रुपेरी थर झिजून खालचा पिवळा धातू दिसत होता. “मुलामा गेलाय. चढवून आणू का?” मी नको म्हटले.

त्यानंतर, आले आहेच तर विचारून घ्यावे म्हणून, मी मनगटावरचे घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवले. आदल्या रात्री सामान आत नेताना माजघराच्या दाराच्या लोखंडी कडीवर माझा हात आपटला होता. घड्याळाच्या गडद निळ्या बॉडीच्या कोपऱ्यावर तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला होता आणि त्यातून आतला पांढरा धातू चमकत होता. काकांनी तो टवका नखाने चाचपला, घड्याळ पालथे केले, मागच्या काळ्या काचेकडे पाहिले, कडा बोटाने तपासल्या आणि ते तसेच माझ्याकडे परत सरकवले. “पॉलिश मारलं तर सगळा रंग निघेल, ताई. आणि उघडायचं म्हटलं तर कुठून?”

“ह्याला हात लावायला जागाच नाही.”

वाक्य साधे होते आणि त्यात कसलाही हिणवण्याचा सूर नव्हता. पण ते माझ्या मागे लागले. बाजारातून परतताना, खाडीवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात, मी सारखी त्या कणीएवढ्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत होते. घड्याळ चालत होते, माझी पावले मोजत होते, नाडी दाखवत होते. त्याचे काहीच बिघडले नव्हते. तरीही ते मला एकाएकी जुने वाटू लागले, आणि ज्याला खरोखर चाळीस वर्षे झाली होती ते पर्समधून दुकानात पोचलेले घड्याळ मात्र तसे वाटत नव्हते.

अण्णांच्या घड्याळाची बॉडी पितळेची आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मागच्या झाकणावर स्टेनलेस स्टील असे कोरलेले असल्यामुळे सगळेच स्टीलचे असणार असे आम्ही घरात धरून चाललो होतो. ते झाकणापुरतेच खरे होते. बाकी पितळ आणि त्यावर निकेल-क्रोमचा मुलामा. अण्णा शाळेत शिकवायचे. फळ्यावर लिहिताना पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याचा कफ वर्षानुवर्षे त्या शिंगांना घासत राहिला असेल, खडूची भुकटी त्यात वाटली गेली असेल, आणि मुलामा तिथेच आधी विरला. कुणाचे पितळ उघडे पडले असे आपण म्हणतो तेव्हा त्याची फजिती झाली, सोंग गळून पडले असे आपल्याला सुचवायचे असते. त्या टेबलावरच्या दिव्याखाली मात्र पितळ अक्षरशः उघडे पडले होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. उलट, कडांना आलेला तो मऊ पिवळेपणा मला आवडला होता. म्हणून तर मी मुलामा नको म्हटले. काकांना ते विचित्र वाटले असावे.

माझ्या घड्याळात उघडे पडले होते ते ॲल्युमिनियम. आमच्याकडे या धातूला बायका ‘जर्मन’ म्हणत. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. स्वयंपाकघरात धातूंची एक उतरंड असे. तांब्याचा बंब आणि पितळेचे पाणी भरायचे हंडे सर्वांत मानाचे, मग नावे घातलेली स्टीलची ताटे-वाट्या, आणि सगळ्यांत खाली, चुलीमागच्या कोनाड्यात, पोचे आलेली जर्मनची भांडी. त्यात चिंचेचे सार करायचे नाही, ताक ठेवायचे नाही, आणि कुणी पाहुणे आले तर ती पुढे आणायची नाहीत. तोच धातू पुढे माझ्या मनगटावर इतक्या दिमाखात येऊन बसला याचे कारण त्याच्यावर चढवलेले कातडे. सौम्य गंधकाम्लाच्या हौदात ॲल्युमिनियमचा भाग टांगून त्यातून वीज सोडली, की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर वाढतो. त्या थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, ती रंग पिऊन घेतात, आणि मग गरम पाण्यात ती छिद्रे मिटवली, की तो निळा, गुलाबी किंवा काळा रंग आतच बंदिस्त होतो. हा थर कठीण खरा, पण केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, आणि त्याच्याखालचा धातू मऊ. लोण्यावर पापड ठेवावा तसा हा प्रकार आहे. नुसत्या घासण्याला तो दाद देत नाही, पण लोखंडी कडीचा एकच टोला बसला की तिथला पापड मोडतो. तो पुन्हा जोडता येत नाही, आणि सारखा करायला जावे तर उरलेलाही खरवडून काढावा लागतो.

मला नवे घड्याळ हवे आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचे सगळे एखाद्या वैराग्यातून लिहिलेले वाटणार नाही. सप्टेंबर आला की नव्या मॉडेलच्या घोषणेकडे माझे लक्ष असते. त्या वर्षी तो कार्यक्रम नेमका गणपतीत आला. ९ सप्टेंबरच्या रात्री साडेदहाला, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या म्हणून आई ओटीवर समया आणि तबके घेऊन बसली होती. चिंचेचा कोळ, रांगोळीची भुकटी, नारळाची शेंडी. मी एका हाताने निरांजन घासत होते आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोनवर ॲपलच्या सिरीज १० चे अनावरण पाहत होते. काळवंडलेली समई चिंचेच्या बोटाखाली एका क्षणात लालसर सोनेरी होते. तो रंग कितीही वेळा पाहिला तरी दरवेळी बरे वाटते. पडद्यावर सांगत होते की स्टेनलेस स्टील आता गेले, त्याच्या जागी आरशासारखे चकचकीत टायटॅनियम आले, जाडी ९.७ मिलिमीटरवर आली, ॲल्युमिनियममध्ये झगझगीत काळा रंग आला. आई मध्येच मान वर करून म्हणाली, “कशाचं आहे?”

हा तिचा जुना प्रश्न. भांडे असो, साडी असो, खुर्ची असो की सुनेच्या माहेरून आलेली भेटवस्तू, ती आधी विचारणार, कशाचं आहे? त्यानंतर वजन पाहणार, नखाने टिचकी मारून आवाज ऐकणार. मी मात्र कोणतीही वस्तू घेताना ती काय काय करते तेवढे विचारत आले. प्रोसेसर, बॅटरी, झोपेची नोंद, पाण्यात किती खोलवर चालते. दीड वर्ष एक वस्तू चोवीस तास कातडीला चिकटवून बाळगली आणि ती कशाची आहे याचा विचार टवका उडाल्यावर केला. आईला टायटॅनियम म्हणजे काय ते सांगताना माझी तारांबळ उडाली. स्टीलसारखेच दिसते, पण त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक भरते; गंजत नाही; म्हणून विमानांत वापरतात आणि माणसाच्या गुडघ्यातही बसवतात. “मग शेजारच्या वहिनींच्या गुडघ्यात आहे तेच का?” असे तिने विचारले आणि समाधानाने पुन्हा समईकडे वळली.

या धंद्याने बॉडीच्या बाबतीत काय काय करून पाहिले आहे ते आठवले की मला कधी हसू येते, कधी हळहळ वाटते. २०१५ मध्ये पहिले ॲपल वॉच आले तेव्हा ॲल्युमिनियम आणि स्टीलबरोबर १८ कॅरेट सोन्याचेही आले होते. किंमत १०,००० डॉलरपासून पुढे. आत यंत्र मात्र तेच, जे ॲल्युमिनियमवाल्यात होते. २०१६ मध्ये सोने गेले आणि सिरॅमिक आले. २०१८ मध्ये पहिल्या पिढीच्या सगळ्या घड्याळांना नवे सॉफ्टवेअर मिळणे थांबले, त्यात सोन्याचेही आले. आपल्याकडे सोने मोडीत काढतानाही माणसे दहा वेळा विचार करतात आणि जुन्या पाटल्यांची नवी पाटली होते तेव्हा तिच्यात आजीचा थोडा अंश राहतो असे मानतात. तीन वर्षांत जुने ठरणाऱ्या यंत्राभोवती सोने गुंडाळण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने कधी सराफाच्या पेढीवर बसून मोडीचा हिशेब ऐकला नसावा. भांड्यांच्या दुकानात जुने हंडे वजन करून देऊन नवा कुकर आणणाऱ्या आमच्या काकूला हा व्यवहार एका वाक्यात समजावता आला असता.

सिरॅमिकबद्दल मात्र माझ्या मनात अजून एक हळवा कोपरा आहे. झिर्कोनियाची भुकटी साच्यात दाबतात, भट्टीत भाजतात, भाजताना ती आक्रसते, आणि मग ती इतकी कठीण होते की घासायला हिऱ्याची पूड लागते. म्हणजे मूळ रीत कुंभाराचीच. पांढऱ्या सिरॅमिकचे ॲपल वॉच मी एकदाच पाहिले, पुण्यात एका लग्नात, कुणाच्या तरी हातावर, आणि ते हातात घेऊन पाहण्याचा उद्धटपणा केला. ताकासारखा पांढरा रंग, आणि तो रंग वर लावलेला नसून आरपार असलेला. कितीही झिजले तरी आत तेच. ते २०१९ मध्ये पुन्हा आले आणि पुढच्याच वर्षी नाहीसे झाले. नव्या मॉडेलमध्ये सिरॅमिक परत यावे असे मला मनापासून वाटते, आणि आमच्या घरची शहाबादी फरशी आठवली की त्याच मनाला धास्तीही वाटते. ओरखडा न पडणाऱ्या वस्तू पडल्या की सरळ फुटतात, हे चिनी मातीच्या बरणीने आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते.

अण्णांच्या घड्याळाच्या तबकडीवर सतरा ज्युएल्स असल्याचे छापले होते. मी चौथी-पाचवीत असताना त्याचा अर्थ सतरा रत्ने असा लावला होता आणि आपल्या वडिलांच्या मनगटावर एवढी संपत्ती असताना आपण भाड्याच्या घरात का राहतो हे मला कळत नसे. अण्णांनी मग चाकाच्या आसाला झीज होऊ नये म्हणून माणकाचा छोटा तुकडा कसा बसवतात ते वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावले. ती माणके कारखान्यात बनवलेली असतात, त्यांना किंमत नसते, असेही सांगितले. तेव्हा मी खट्टू झाले. आता या सगळ्या धातूंच्या नादात वाचताना ध्यानात आले की माणिक, नीलम आणि धार लावायच्या दगडातला कुरुंद ही एकाच पदार्थाची रूपे आहेत, आणि तो पदार्थ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. महागड्या स्मार्टवॉचवरची काच सफायरची, म्हणजे नीलमाच्याच जातीची असते. वाळूतल्या गारगोटीचे तिच्यापुढे काही चालत नाही. आणि माझ्या घड्याळावर चढवलेले, कडीवर आपटून उडालेले ते निळे कातडे, तेही रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच, फक्त स्फटिकाच्या शिस्तीत न बसलेले. अण्णांची सतरा माणके वर्षानुवर्षे आतल्या आत काम करत राहिली. माझ्या घड्याळावरचे त्यांचे भावंड बाहेर उन्हातान्हात उभे राहिले आणि मार खाऊन बसले. ही तुलना त्याच्यावर अन्याय करणारी आहे, याची मला जाणीव आहे.

पुण्यात परतल्यावर मी एका मोठ्या दुकानात जाऊन केवळ हात लावण्यासाठी घड्याळे पाहिली. विक्रेत्या मुलाने स्क्रीन चालू करून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मी ती बंद ठेवता येईल का असे विचारले. तो गोंधळला, पण समजूतदार होता. वातानुकूलित दुकानात ॲल्युमिनियम बोटाला लगेच गार लागते, स्टीलही गार लागते आणि वर हातात जड भरते. टायटॅनियम तितके गार लागत नाही, कारण ते बोटातली उष्णता सावकाश ओढून घेते. डोळे मिटून तिन्हींना हात लावला तरी ते ओळखता येते. त्याचा रंग पावसाळी आभाळासारखा, किंचित कोमट राखाडी, आणि घासून मंद केलेल्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे आधीपासूनच असल्यासारखे वाटतात, म्हणून नवे ओरखडे परके दिसत नाहीत. बोटांचे तेलकट ठसे मात्र त्यावर चटकन उमटतात. आरशासारखे चमकवलेले टायटॅनियम मला तितकेसे आवडले नाही. सुती लुगड्याला जबरदस्तीने इस्त्रीची खळ घातल्यासारखे ते वाटले. काळा थर दिलेले तर मुळीच नको, कारण तिथे पुन्हा मुलाम्याची गोष्ट सुरू होते.

आणि मनासारखे टायटॅनियम, मंद, साधे, ते नेमके सगळ्यांत थोराड घड्याळात. ॲपलचे ४९ मिलिमीटरचे अल्ट्रा माझ्या मनगटावर ठेवले तर बाटलीला ताटली बांधल्यासारखे दिसले. विक्रेता मुलगा हसला नाही, याबद्दल त्याचे आभार. नाजूक मनगटाच्या माणसाला दणकट वस्तू लागत नाही असे कुणी ठरवले कोण जाणे. कडी-कोयंडे, विळी, कुकर, बसचे दांडे, शाळेची दप्तरे यांच्याशी दिवसभर झुंजणारी मनगटे बारीकच असतात. माझी पहिली अपेक्षा म्हणून इतकीच आहे की लहान आकारात, न चमकवलेले, थर न दिलेले टायटॅनियम मिळावे. बाकी आकाराबद्दल मी तितकी हट्टी नाही. सॅमसंगच्या काही मॉडेलांत स्क्रीनभोवतीचे कडे बोटाने फिरवता येते आणि ते टकटक करत फिरते. ते फिरवताना मला दुकानातून निघवेना. गूगलच्या गोल घड्याळाची काच पाण्याच्या थेंबासारखी फुगीर आहे, दिसायला फार देखणी, आणि दारांच्या कड्यांना तर आमंत्रणच. चौकोनी की गोल यावर माणसे भांडतात, पण मला विचाराल तर घड्याळाचे रूप स्क्रीन विझलेली असताना पाहावे.

कातडीचीही एक बाजू आहे. आईला खोट्या कर्णफुलांनी कान पिकण्याचा त्रास होता. इमिटेशन दागिन्यांत निकेल असते आणि ते अनेकांना सोसत नाही. तोच वारसा मला मिळाला. घड्याळांत वापरतात त्या ३१६ एल जातीच्या स्टीलमध्येही निकेल असते; ते सहसा बाहेर येत नाही, पण कोकणातल्या जूनमध्ये, खारट घाम आणि हवेतली ओल मनगट आणि घड्याळ यांच्यामध्ये दिवसभर कोंडून राहिल्यावर ‘सहसा’ या शब्दावर मी फार विसंबत नाही. स्मार्टवॉच कातडीला घट्ट बसावे लागते, नाहीतर मागचा हिरवा उजेड नाडी मोजू शकत नाही. अण्णांचे घड्याळ सैल असायचे, मनगटावर वरखाली व्हायचे, त्याखाली वारा लागायचा. घरी आल्यावर ते काढून खुंटीजवळच्या खिळ्याला लावत. मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण उरायची, पण पुरळ कधी पाहिल्याचे आठवत नाही.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अण्णांचे घड्याळ आणले. काकांनी पितळ तसेच ठेवून बाकीचे स्वच्छ केले होते. दुकानातच चावी दिली. अंगठा आणि तर्जनीमध्ये ती बारीक दातेरी चावी फिरताना जो किर्र किर्र आवाज येतो तो रोज सकाळी, देवपूजेच्या आधी, आमच्या घरात येत असे, आणि मी तो साफ विसरले होते. पस्तीसएक वळसे झाल्यावर ती आपणहून ‘आता पुरे’ असे सांगते. काकांनी मग न विचारताच झाकण पुन्हा उघडून आत चाललेले चाक दाखवले. मला काय हवे होते ते त्या वेळी शब्दांत आले. बॉडीचा धातू कितीही उत्तम असला तरी ती उघडली पाहिजे.

कारण टायटॅनियम शंभर वर्षे टिकेल हो, पण त्याच्या पोटातली बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. बहुतेक घड्याळांत स्क्रीन गोंदाने चिकटवलेली असते. बॅटरी बदलायची तर कडा गरम करून ती उचकटावी लागते, आणि ते राम आळीत होत नाही. अल्ट्राच्या पाठीवर चार स्क्रू दिसतात, ते पाहून मला उगाच आशा वाटली होती. २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल वॉच ४ ची रचनाच अशी केली की त्याची बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही बदलता यावीत. पण त्याची बॉडी ॲल्युमिनियमची. त्याच वर्षी ॲपलने सिरीज ११ आणि अल्ट्रा ३ च्या टायटॅनियम बॉडी पुनर्वापराच्या भुकटीपासून, लेझरने थरावर थर वितळवत घडवल्या. त्यामुळे कच्चा माल पूर्वीच्या निम्माच लागतो असे ते सांगतात. ही खरोखर सुंदर गोष्ट आहे, धातूची मोड देऊन घेतलेले नवे भांडेच. एकाने उघडायची सोय केली, दुसऱ्याने टिकाऊ धातूत कारागिरी केली, आणि मी दोघांच्या मधे उभी राहून पुढच्या मॉडेलची वाट पाहते आहे. ही वाट पाहण्यात मला थोडी स्वतःचीच शंकाही येते. वीस वर्षे वापरता येईल असे घड्याळ हवे म्हणणारी बाई दर सप्टेंबरला नवे काय आले ते रात्री जागून का पाहते, या प्रश्नाला माझ्याकडे बरे उत्तर नाही. आईची ताटे-वाट्या आहेत, त्यांवर अण्णांचे नाव आणि १९७९ साल ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले आहे. त्यानंतर स्टीलमध्ये नवे काय आले हे पाहायला ती कधी गेली नाही.

टायटॅनियमची मला नव्याने ओळख झाली ती मात्र घराच्या अगदी जवळ. रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. पुळणीवर काळे-पांढरे पट्टे पडतात आणि पायाला ती वाळू पांढरीपेक्षा जड, दबकी लागते. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट असते, लोह आणि टायटॅनियमचे खनिज, आणि त्याच्या जोडीला चुंबकाला ओढले जाणारे मॅग्नेटाइट. लहानपणी आम्ही मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून त्या वाळूतून ओढत असू आणि त्याला आलेल्या दाढीमिशा पाहून हसत असू. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्यालाही ओढ्याकाठच्या अशाच काळ्या, चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या वाळूत एक अनोळखी धातू असल्याचे आढळले, आणि तोच पुढे टायटॅनियम ठरला. हे वाचले तेव्हा आपणही त्या शोधाच्या हाताच्या अंतरावर खेळत होतो असे वाटून मला उगाचच अभिमान वाटला.

यंदा मे महिन्यात भाच्याला ही गोष्ट सांगण्याचा मूर्खपणा मी केला. स्पीकर आता घरात कुणाकडे नाही. संध्याकाळी किनाऱ्यावरून परतलो तेव्हा माझ्या घड्याळाचा चार्जर ओटीवर नव्हता. तो भाच्याच्या खिशात होता. घड्याळ जागेवर बसावे म्हणून त्या पांढऱ्या चकतीत चुंबक असतो हे त्याने बरोबर हेरले होते आणि ती पुळणीवर मनसोक्त फिरवली होती. चकतीला चांगली भरघोस काळी दाढी आली होती. अण्णांच्या घड्याळापासून ती लांब ठेव, चुंबकाने त्याची चाल बिघडते, एवढेच मी ओरडले; एरवी रागावायला हवे होते. आईने चष्मा लावून चकती उजेडात धरली. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने आम्ही ती साफ केली. बोटाने पुसली, फुंकर मारली, चिकटपट्टी लावून ओढली.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. टवका उडालेले घड्याळ अजून माझ्या हातावर आहे, आणि एचएमटीला आई रोज सकाळी चावी देते, पण ते घालत कुणी नाही. काळबादेवीच्या वाळूचे चार-दोन कण त्या चकतीच्या खाचेत राहिलेच आहेत. रात्री घड्याळ तिच्यावर ठेवले की ते किंचित सरकून जागेवर बसते आणि तेवढ्यापुरता कर्र असा बारीक आवाज होतो.